आबांची फियाट: गाडी रस्त्यावर आणायच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळीचे पाहुणे गेले, फराळाचे डबे रिकामे झाले आणि पंधरा वर्षं नुसतं बोलत होतो ते काम आज काढलं. परसातल्या शेडखालची ताडपत्री ओढली. आत एक मांजर, तिची तीन पिल्लं, वाळलेला लिंबाचा पाला आणि आबांची, म्हणजे आजोबांची, गाडी. प्रीमियर पद्मिनी, १९८४ चं मॉडेल, रंग दुधी. म्हणजे कधीकाळी दुधी. २००९ मध्ये आबा गेले, त्यानंतर हिचं चाक फिरलेलं नाही.

पाहणीत दिसलं ते उतरवून ठेवतो. चारही टायर बसलेले. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा कुजून बशीएवढं भोक पडलंय, त्यातून खालची माती दिसते. रेडिएटरमध्ये पाण्याऐवजी गंजाचा चोथा. डिकीच्या झाकणावर नावाची पट्टी नाही, ती बसवायची दोन भोकं तेवढी आहेत. पुढच्या दारांच्या त्रिकोणी काचा मात्र दोन्ही शाबूत. लहानपणी मी ती काच पूर्ण उलटी फिरवायचो, म्हणजे वारा थेट तोंडावर यायचा. आजी मागून ओरडायची, "चिलट जाईल डोळ्यात!" खटका दाबून फिरवून बघितली. फिरली. जोरात कुरकुरली, पण फिरली.

समोरचे काका फाटकातून डोकावले. "काढली का डुक्कर फियाट बाहेर?"

"काका, ही डुक्कर नव्हे."

"मग काय, गाय?"

१२ नोव्हेंबर, मंगळवार

चारही प्लग काढले. इंजिन आत जाम झालं असेल तर सुटावं म्हणून भोकांतून रॉकेलच्या ऐवजी डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून सोडलं. रॉकेल आता मिळतं कुठे? मांजराला पिल्लांसकट जुन्या खोक्यात हलवलं, रात्रीतून ती परत गाडीत.

१६ नोव्हेंबर, शनिवार

चाचा आले. सोलापुरात जुन्या फियाटला हात लावणारे मिस्त्री आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत, त्यातले हे. वय सत्तरीचं. बॉनेट उघडायच्या आधी त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून पाटे (मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगा) बघितले, एका पाट्यावर चपलेचं टोक मारलं आणि म्हणाले, "पाटं चांगलं हायेत. बाकीचं बघू." मग रेडिएटरमागचा पंखा दोन्ही हातांनी धरून रेटला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा बोटभर. तिसऱ्यांदा इंजिन फिरलं आणि तीन नंबरच्या प्लगच्या भोकातून काळं तेल उडून माझ्या शर्टावर.

"जाम नाय. नशीब समजा, सायेब."

आज पुन्हा दोघांनी येऊन "डुक्कर फियाट" म्हटलं. एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे तोंडी सांगत बसायला नको. डुक्कर फियाट ती, जी हिच्या कितीतरी आधीची. १९५३ साली इटलीत फियाटनं ११०० ची नवी पिढी काढली, दांते जाकोझा या इंजिनिअरची गाडी. मिलेचेंतो म्हणायचे तिला. मिलेचेंतो म्हणजे इटालियनमध्ये अकराशे, इंजिनाच्या मापावरून. तीच १९५४ च्या सुमारास कुर्ल्यात बनू लागली. पाठ गोल, पुढून नाक काढलेलं, अंग गुबगुबीत. आपल्या लोकांनी एकदा बघितलं आणि बारसं करून टाकलं. तिची पुढची दारं उलटी उघडायची, बिजागरी मागच्या बाजूला. १९६४ मध्ये डिलाइट आली, तिचं अंग चौकोनी, मागे दोन बाजूंना उभे पंख, दारं सरळ. आमची पद्मिनी त्या डिलाइटची वारस. हिला डुक्कर म्हणणं म्हणजे नातीला पणजीच्या नावानं हाक मारणं.

चाचांना हे सगळं ऐकवलं. ते स्पार्क प्लग पुसत म्हणाले, "आमी तर सगळ्यालाच फियाट म्हनतो."

२३ नोव्हेंबर, शनिवार

सकाळपासून विधानसभेच्या निकालाचे फटाके. गल्लीत गुलाल, ट्रॅक्टरवर डीजे. गाडीवर पुन्हा ताडपत्री टाकली आणि घरात बसून कागदपत्रं चाळली.

आरसी पुस्तिकेत बनवणाऱ्याच्या रकान्यात टाइप केलंय: प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड. मॉडेल: पद्मिनी. फियाट हा शब्द आख्ख्या पुस्तिकेत नाही, आणि तो असायचं कारणही नाही. फियाटबरोबरचा परवान्याचा करार १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला संपला, इटलीवाल्यांचं नाव लावायची सोय उरली नाही. मग गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी, चितोडच्या राणीच्या नावावरून. म्हणजे आमची गाडी बनली तेव्हा फियाट हे नाव जाऊन दहा वर्षं झाली होती. आणि तरी.

आजची तारीख मुद्दाम लिहितोय. प्रीमियर काढली वालचंद हिराचंद यांनी, १९४४ मध्ये. त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, आपल्या सोलापुरातला. जहाजांची सिंदिया कंपनी, बंगळूरचा विमान कारखाना, विशाखापट्टणमची गोदी, सगळ्यांच्या मुळाशी हाच माणूस. कुर्ल्यात १९४७ पासून क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज-प्लिमथ जोडल्या जायला लागल्या. फियाट ११०० बनायला लागली त्याच्या आधीच, १९५३ मध्ये, ते वारले. त्यामुळे ज्या गाडीनं त्यांच्या कंपनीचं नाव घराघरांत न्यायला हवं होतं, ती त्यांनी बघितली नाही. नाव गेलं घराघरांत, पण तुरिनच्या कंपनीचं.

संध्याकाळी शेजारच्या पोराला विचारलं, इंजिनिअरिंगला आहे, "वालचंद कोण?" म्हणाला, "कोण काय, कॉलेज आहे ना." बरोबरच आहे त्याचं. सोलापुरात वालचंद म्हणजे कॉलेज. रिक्षावालाही तेच सांगेल.

१ डिसेंबर, रविवार

इंजिन बाहेर. चाचा, त्यांचा पोरगा, मी आणि साखळीची घोडी. दुपारी दोनला सुरू केलं, सहाला इंजिन जुन्या टायरवर बसलं. बाबा खुर्ची टाकून सूचना देत होते, त्यातली एकही कुणी ऐकली नाही.

हेड उघडल्यावर मापं घेतली. पुस्तकात बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६८ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७५. चार सिलिंडर मिळून १०८९ सीसी, म्हणजे अकराशेला अकरा कमी. तीन नंबरचा बोअर वरच्या कडेला झिजून चक्क ६८.३ भरला. बोट फिरवलं तर नखाला कड लागते. ही कड म्हणजे आबांच्या सोलापूर-इचलकरंजी सगळ्या खेपा. आबा सुताचे व्यापारी. डिकीत सुताची कोन, मागच्या सीटवर चादरींचे नमुने आणि पुढच्या सलग सीटवर आबा, मुनीम आणि मधे मी. गेअरची दांडी स्टिअरिंगखाली असल्यानं पुढे तिघं आरामात मावायचे. आजच्या कुठल्या गाडीत पुढे तिसरा बसवून दाखवा.

बोअरिंगला ब्लॉक अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दिला. मोठ्या साइझचे पिस्टन आणि रिंगा मुंबईहून, कुर्ल्याच्या बाजारातून. गाडी जिथं जन्मली तिथंच तिचे सुटे भाग अजून मिळतात, हे बरं आहे. त्याच माणसाला नावाच्या पट्टीचंही विचारून ठेवलं.

२१ डिसेंबर, शनिवार

वैताग. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचं किट पुण्याच्या एका दुकानातून मागवलं होतं. पैसे आगाऊ. पार्सल फोडलं तर आत ११८ एनईचं किट. ती १९८५ ची, फियाट १२४ वर बेतलेली, कंपनी तीच, पण गाडी पूर्ण वेगळी. फोन केला तर दुकानदार म्हणतो, "साहेब, फियाटचंच आहे की." घ्या! मीच फोनवर घाईत "फियाटचं किट" म्हटलं होतं. महिनाभर लोकांना नाव शिकवतोय आणि ऑर्डर देताना माझीच जीभ घसरली. पार्सलचा खर्च माझ्या अंगावर.

ब्लॉक आला. बोअर आरशासारखे.

५ जानेवारी २०२५, रविवार

इंजिन जोडून झालं होतं कालच. आज सकाळी नवी बॅटरी, कार्बोरेटरमध्ये वाटीभर पेट्रोल, चोक पूर्ण ओढलेला. पहिल्यांदा नुसती घरघर. पॉइंटमधलं अंतर चाचांनी पुन्हा जुळवलं, फिलर गेज नव्हता, व्हिजिटिंग कार्ड घालून. दुसऱ्यांदा खोकली. तिसऱ्यांदा लागली!

पंधरा वर्षांनी तो आवाज. शिलाई मशीन आणि बुलेट यांच्या मधला काहीतरी. बाबा आतून बनियनवर धावत आले. आणि मागून जो धूर सुटला! जोडताना सगळीकडे चोपडलेलं तेल जळत होतं, शेड दिसेनाशी झाली. समोरचे काका गच्चीवरून ओरडले, "अहो, सिद्धेश्वरची चिमणी पाडली, ती तुमच्याकडं आणून लावली का काय?"

विमानतळासाठी २०२३ च्या जूनमध्ये साखर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हापासून सोलापुरात कुठेही धूर दिसला की हा विनोद होतो. पण आजचा वेळेवर होता. दहा मिनिटांत धूर विरळ झाला. चाचा म्हणाले, रिंगा बसेपर्यंत हजारेक किलोमीटर जपून चालवा, चाळीसच्या वर नको. चाळीसच्या वर कोण जातंय, अजून सीटच नाही.

१३ जानेवारी, सोमवार

सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेचे दिवस. चाचांची पोरं होम मैदानावर, मीही. काम बंद.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी झेंडावंदन, मग सीट. मागची सीट उचलली तर खाली: एक रुपयाची जुनी मोठी नाणी दोन, शेंगांची टरफलं, माझा हरवलेला चष्म्याचा डबा (चौथीतला), आणि आबांची पेट्रोलची वही.

वही उभी, लाल कापडी पाठीची, पेढीवर वापरायचे तसली. प्रत्येक ओळ एकाच साच्यात. "दि. ४-३-८७. फियाट. पेट्रोल १५ लि. मीटर २१,४१०." पुढची ओळ. "दि. ११-३-८७. फियाट. पेट्रोल १० लि." पानंच्या पानं. फियाट, फियाट, फियाट. पंचवीस वर्षांच्या नोंदीत पद्मिनी हा शब्द एकदाही नाही. आबा कागदोपत्री काटेकोर माणूस, सुताच्या काउंटमध्ये (जाडीच्या मापात) चाळीसच्या जागी बेचाळीस चालायचं नाही त्यांना. गाडीचं नाव मात्र चुकीचं?

बाबांना विचारलं. ते म्हणाले, "सगळेच म्हणायचे. सरकारी साहेबाची अँबॅसॅडर आणि घरच्यांची फियाट, दोनच तर गाड्या होत्या." मग ते शास्त्रीजींवर गेले. बाबा बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळे ही गोष्ट त्यांना फार प्रिय: पंतप्रधान असताना शास्त्रीजींनी १२,००० ची फियाट घेतली, जवळ ७,००० होते, ५,००० पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज. ते गेल्यावर ललिताबाईंनी पेन्शनीतून फेडलं. ही गोष्ट मी किमान शंभर वेळा ऐकलीय. ती खरी फियाटच होती, १९६४ ची, एवढं मी मधेच सांगून घेतलं.

रात्री बार्शीला आत्याला फोन केला. वहीचं सांगितलं. ती हसायलाच लागली.

"अरे खुळ्या, आईचं सासरचं नाव काय होतं?"

मी गप्प. आजीला आम्ही आजीच म्हणायचो. सातबाराच्या उताऱ्यावर, रेशन कार्डावर वाचलेलं नाव आठवायला दोन सेकंद लागले. मग लागला उजेड. डिकीवरचं आणि आजीचं नाव एकच.

आत्या सांगत होती. नंबर लावून कितीतरी वर्षं गाडीची वाट बघितली होती आबांनी. गाडी आली, तुळजापूरला दर्शनाला नेली, घाट चढून आली. परतल्यावर मुनीम दारात उभा राहून मोठ्यांदा म्हणाला, "मालक, अमकीला धुऊन पुसून आत लावू का?" नाव घेऊन. आजी ओट्यावर उभी. आबांनी उभ्या जन्मात आजीला नावानं हाक मारलेली नाही, "अगं ऐकलंस का" याच्या पुढे गाडी गेली नाही त्यांची. त्यांच्या देखत भर गल्लीत तिचं नाव घेऊन धुवा, ढकला, गॅरेजला सोडा, किल्ली मारून बघा, हे कसं चालावं? त्याच आठवड्यात त्यांनी स्क्रूड्रायव्हरनं डिकीवरची पट्टी काढली. घरात ठरलं: हिला फियाट म्हणायचं.

"आजी काय म्हणाली मग?" मी विचारलं.

"ती म्हणाली, बरं झालं. नाहीतर मी बिघडले की गाडी, ते रोज विचारायला लागलं असतं."

९ फेब्रुवारी, रविवार

पायाखालचा कुजका पत्रा कापून नवा वेल्ड केला. लांबी, घासकाम, प्रायमर झालं. रंग जुनाच, दुधी.

कुर्ल्याहून नावाची पट्टी आली. वळणदार अक्षरं, क्रोम नवं, मागे दोन पिना, भोकांत चपखल बसतात. किंमत सांगत नाही, बायको हे वाचते. पेंटर विचारतो, पट्टी लावायची का भोकं बुजवायची, आत्ताच सांगा, रंग झाल्यावर नको. मी म्हटलं, दोन दिवस थांबा.

सीटसाठी नवं रेक्झिन घ्यायचं नाही असं ठरलंय. पूर्व भागातल्या ओळखीच्या कारखानदाराकडून जॅकार्डच्या दोन चादरी घेतल्या, मोराची नक्षी, त्याची कव्हरं शिवणार. तो तेलुगू पद्मशाली, विणकर समाजातला. गाडीचं नाव ऐकून म्हणाला, "म्हणजे आमच्याच जातीची की हो." पाच टक्के सूट दिली.

५ मार्च, बुधवार

आरटीओ. पंधरा वर्षांपुढची खासगी गाडी, म्हणजे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर वेगळा. मधली सगळी वर्षं हुकलेली, त्याचा दंड वेगळा. व्हिंटेजमध्ये बसते का विचारलं. त्याला पन्नास वर्षं लागतात, ही चाळिशीची. डुक्कर असती तर बसली असती! तपासणीला आलेल्या तरुण साहेबांनी चेसिस नंबर बघितला, दिवे बघितले, मग हळूच म्हणाले, "एकदा आत बसू का? आमच्या मामांची होती." बसले. स्टिअरिंगखालची दांडी दोनदा हलवून बघितली. पास.

२३ मार्च, रविवार

पहिली लांब फेरी, हिप्परगा तलावापर्यंत. बाबा ड्रायव्हिंगला. मी हट्ट धरला होता की मी चालवणार, पण दांडीचा गेअर मला दुसऱ्यात पडेना. बाबांनी बाजूला सरकायला सांगितलं. त्यांचा डावा हात दांडीवर गेला आणि न बघता गेअर पडत गेले. गेल्या वर्षी ह्याच हातानं त्यांना बरणीचं झाकण निघत नव्हतं.

तुळजापूर रोडला जाताना ठीक. येताना दुपारचे साडेबारा, मार्चातच चटके, आणि नाक्याच्या अलीकडे गाडी दोन झटके देऊन बंद. पेट्रोल आहे, करंट आहे, तरी बंद. मी फोन काढला. बाबा उतरले, मागून पाण्याची बाटली आणि पंचा घेतला, पंचा भिजवून एसी पंपावर गुंडाळला. एसी पंप म्हणजे थंड हवेचा नव्हे, पेट्रोल ओढणारा. इंजिनाच्या तापानं त्यातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढत बसतो. मे महिन्यात पारा ४३-४४ ला गेला की सोलापुरातल्या प्रत्येक फियाटवाल्याच्या गाडीत एक ओला पंचा असायचाच म्हणे. दहा मिनिटं झाडाखाली उभे राहिलो. लागली.

चाचांना सांगितलं तर म्हणाले, पंपाचा पडदाही बदलू, हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला खातंय. ते इथेनॉल म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला ऊस.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारल्यावर गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबं. पंप नवा. कव्हरांवरचे मोर जरा भडक झालेत, पण बसतील. उजवा वायपर अजून अर्ध्यावरच थांबतो.

पट्टी लावलेली नाही. पेंटरनं भोकं ठेवून रंग मारला, त्यात काळी रबरी बुचं बसवली. पट्टी आजीच्या फोटोमागे ठेवलीय.

समोरचे काका पेढा खाऊन गेले. जाताना बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "मस्त दिसतीय तुमची डुक्कर फियाट." मी काही बोललो नाही.

पंपावर पेट्रोल भरून आलो. बाबांनी आबांची वही मागितली, चष्मा लावला, शेवटच्या नोंदीखाली एक ओळ मोकळी सोडली आणि लिहिलं:

"दि. ३०-३-२५. फियाट. पेट्रोल १० लि. मीटर ८८,०६२."